विहीणबाईंची पाठ

कोरियातल्या मोकपो शहरात, बंदराच्या मागच्या चढावर एक जुनं सार्वजनिक न्हाणीघर आहे, आणि त्याच्या बायकांच्या बाजूला पिओ गिल-रे अंग घासायचं काम करते. घासते म्हणजे खरोखर घासते. उजव्या हातात हिरवा खरखरीत मोजा चढवला की समोर बँकेच्या साहेबाची बायको आहे की पाकट विकणारी, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. आधी गरम हौदात मुरून यायचं, मग गुलाबी प्लास्टिक मढवलेल्या बाकावर येऊन पडायचं. एक बाजू घासून झाली की गिल-रे हातावर हात दोनदा आपटते, आणि ती टाळी ऐकली की बाईने कूस बदलायची. पाण्याच्या धबधब्यात तोंडाने सांगायला गेलं तर घसा बसतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांचं तर असं झालंय की टाळी आधी अंगाला कळते आणि मग डोक्याला.

या धंद्यात येण्याआधी ती बंदरावर वाकट्या साफ करायची. मुलगी हे-दाम शाळेत जायला लागली त्या वर्षी नवरा बोटीवर गेला आणि वरच्या अंगाच्या कुठल्याशा बंदरात दुसऱ्या बाईच्या घरी उतरला. बुडाला असता तर निदान श्राद्ध तरी घालता आलं असतं, असं गिल-रेची आई आजही म्हणते. गिल-रे रडायची तेवढी रडली आणि माशांवरून माणसांवर आली. माणसं बरी, असं तिचं मत पडलं. त्यांना वास कमी असतो आणि ती बोलतात.

घरात तिघी. म्हातारी कुत-न्योन, जिला आईबापांनी हे नाव ही शेवटची मुलगी असू दे म्हणून ठेवलं आणि तिच्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. मधली गिल-रे. आणि हे-दाम, सत्तावीस वर्षांची, विमा कंपनीत कामाला. एकदा म्हातारीने हट्ट करून दोघींना सिनेमाला नेलं होतं. एका घरात आजी, आई आणि नात राहतात आणि सिनेमा संपेपर्यंत तिघींनाही पुरुष मिळतात, अशी गोष्ट होती. गिल-रे पहिल्या पाच मिनिटांत झोपली. बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, "बघा, शिका काहीतरी."

हे-दाम म्हणाली, "आजी, आपल्याकडे तिघींत मिळून एकच आहे. माझा ग्यू-वोन."

"दीड," म्हातारी म्हणाली. ज्येष्ठांच्या केंद्रातला एक कानाला यंत्र लावलेला म्हातारा तिला रोज पर्सिमनची फळं आणून द्यायचा. "त्याला अर्धा धर. ऐकू कमी येतं, पण बसतो बराच वेळ."

तर हे-दामचं लग्न. त्यात आई म्हणून गिल-रेने काय काय केलं ते सांगायचं तर सुरुवात न्हाणीघरातूनच करावी लागते.

न्हाणीघरात नाव कोणी विचारत नाही. कपडे उतरले की आडनाव, पत्ता, नवऱ्याचा हुद्दा सगळं कपाटात राहतं. बायका एकमेकींना ताई, मावशी म्हणतात, आणि ओळख लागते ती टोपलीवरून. साबण, शाम्पू, मोजा घातलेली प्रत्येकीची प्लास्टिकची टोपली बाहेरच्या फळीवर असते. एक बाई दर रविवारी सकाळी जांभळी टोपली घेऊन यायची. गिल-रेपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी, पाठ रुंद, आणि स्वभावाने घट्ट. पहिली दोन वर्षं ती "जरा हळू" याशिवाय काही बोलली नाही. मग एका रविवारी पालथी पडल्या पडल्याच म्हणाली, "मावशी, आमचे हे घरात फक्त कुंड्यांशी बोलतात. ऑर्किडच्या."

"उत्तर देतात का?" गिल-रेने विचारलं.

"ऑर्किड? देत असतील. मला ऐकू येत नाही."

त्या दिवसापासून बांध फुटला. सासूच्या आजारपणातली सात वर्षं, पित्ताशयाचं ऑपरेशन, नवऱ्याची वेगळी खोली, सगळं त्या गुलाबी बाकावर आलं. गिल-रेनेही हातचं राखलं नाही. पळालेला नवरा सांगितला. हे-दामला राजधानीतल्या कॉलेजात जागा मिळाली होती, पण आई एकटी पडेल म्हणून पोरीने मिळालीच नाही असं सांगितलं आणि आपल्याला ते वर्षाने कळलं, हेही सांगितलं. बाई पालथ्या पडून रडल्या. बाक आधीच ओला होता. "अशी पोर माझ्या घरात आली असती, तर पायाला माती लागू दिली नसती मी," त्या म्हणाल्या. तोवर दोघींचं "मावशी" आणि "बाई" जाऊन "अगं" आणि "ताई" झालं होतं. गिल-रेला आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी तीच एक मिळाली, आणि तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

पुढे ताईंच्या मुलाने एक मुलगी पसंत केली. ताईंना ती पसंत नव्हती. विमा कंपनीत होती म्हणे. मोकपोतल्या निम्म्या मुली विमा कंपनीतच असतात, त्यामुळे गिल-रेला त्यात काही वावगं दिसलं नाही. "आई म्हणे त्वचेची निगा राखायचं दुकान चालवते," ताई म्हणाल्या. "म्हणजे विचार कर. चेहरे चकचकीत आणि जीभ वस्तऱ्यासारखी."

"अशा बायकांपासून सांभाळून," गिल-रे म्हणाली आणि मांडी घासायला घेतली.

गिल-रेनेही आपलं गाऱ्हाणं मांडलं. मुलीचा मित्र पहिल्यांदा घरी जेवायला यायचा होता, आणि जावयासाठी कोंबडी मारायची रीत आहे. मारावी का? ताई उठूनच बसल्या. "अजिबात नको. पहिल्याच फेरीला कोंबडी दिलीस तर त्याची आई म्हणेल, मुलगी घायकुतीला आलीय. साधं सूप वाढ." म्हणून ग्यू-वोनला समुद्री शेवाळाचं सूप आणि सुक्या मांदेल्या मिळाल्या. त्याने दोन वाट्या भात खाल्ला आणि छान झालंय म्हणाला. हे-दाम आईशी आठवडाभर बोलली नाही.

पुढच्या रविवारी ताई दात-ओठ खात आल्या. "माझा मुलगा त्या चकचकीत बाईकडे जेवायला गेला होता. कोंबडीचं पीससुद्धा दिसलं नाही म्हणे. शेवाळाचं सूप बाळंतिणीला देतात! बाळंतीण आहे का तो?"

"काय तरी माणसं," गिल-रे म्हणाली. तिला खरोखर राग आला होता. हे वाचणाऱ्याच्या केव्हाच लक्षात आलं असेल, पण गिल-रेच्या आलं नाही. ती त्या वेळी ताईंच्या टाचांमध्ये गुंतली होती, आणि टाचा फार जबाबदारीचं काम असतं. शिवाय घरोघरी मातीच्या चुली. मोकपोत त्या दिवशी आणखी कोणी कोणाला शेवाळाचं सूप वाढलंच नसेल कशावरून?

मग हिवाळा तोंडावर आला आणि किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. ताईंनी विचारलं, "पोरीला पारखायची कशी, सांग."

गिल-रेने मनापासून विचार केला. दुसऱ्याच्या सुनेच्या बाबतीत माणूस फार हुशार असतो. "किमची घालायला बोलवा. कोबीच्या राशीपुढे बसवा. मिरचीचा मसाला लावायला सांगा आणि रबरी मोजे देऊ नका. मागते का बघा. मागितले तर नाजूक. नाही मागितले तर..." ती अडली, कारण पुढचं तिने ठरवलं नव्हतं. "तर खुशामती."

"म्हणजे दोन्हीकडून नापास," ताई समाधानाने म्हणाल्या.

त्या शनिवारी संध्याकाळी हे-दाम घरी आली ती हात पुढे धरूनच. मनगटापर्यंत लाल, सुजलेले. म्हातारीने बर्फाच्या पाण्याचं घमेलं पुढे सारलं. "काय झालं गं?"

"ग्यू-वोनच्या आईंनी किमचीला बोलावलं होतं. मोजे नव्हते."

"नव्हते म्हणजे? किमची घालायला बसलेत आणि मोजे नाहीत?"

"होते. त्यांच्या हातात होते."

म्हातारीने घमेल्यात आणखी बर्फ टाकला. "असला किडा माणसाच्या डोक्यात आपोआप येत नाही," ती म्हणाली. "त्या बाईला कोणीतरी शिकवलंय. शिकवणारीच्या हातात आधी मिरची चोळली पाहिजे."

गिल-रे मुळा किसत होती. ती किसतच राहिली, मुळा संपला तरी. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात हे तिने ऐकलं होतं. लेकीच्या हातावर मारतात हे नवीन होतं. आणि त्याच धोंड्याखाली आणखी एक गोष्ट सापडली. त्वचेची निगा राखायचं दुकान. पोरीने सासरी आईचा धंदा असा सांगितला होता. गिल-रेला ते लागलं. फार लागलं. पण त्या लाल हातांसमोर आपलं दुखणं काढायची ही वेळ नव्हती. एवढ्यावरही पोर म्हणत होती, "आई, मला तोच हवाय. त्या कशाही असू देत."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पोरीने मोजे मागितले नाहीत असं ताईंनी सांगितलं, आणि गिल-रे वेगळंच भजन गाऊ लागली. "ताई, मी विचार केला. मोजे न मागता बसली म्हणजे सोशीक आहे हो पोर."

"खुशामती म्हणाली होतीस."

"सोशीकपणा आणि खुशामत बाहेरून सारखीच दिसते."

"आणि कोंबडी?"

"गरीब असतील."

"दुकान आहे त्यांचं!" ताईंनी मान उचलली. "तुला झालंय काय? तूच माझे डोळे उघडलेस. मी ठरवलंय. दोन्ही घरांची भेट ठरलीय या महिन्यात. नाही गेले तर मुलगा जेवण सोडेल. म्हणून जाणार, जेवणार, त्या बाईचा चेहरा बघणार आणि तोंडावर नाही म्हणून येणार."

गिल-रेच्या हातातला मोजा थांबला. आत्ता सांगावं, की ती बाई मीच. पण सांगितलं तर लग्न इथेच, या बाकावर मोडणार, आणि वर पोरीचं खोटं उघडं पडणार. ती मूग गिळून बसली आणि पाठ घासू लागली. इतकी हळुवार, की ताई म्हणाल्या, "जोर कर ना, पगार कापलाय का?"

भेटीच्या दिवशी म्हातारीने तिला आरशापुढे बसवून केस फुगवून घ्यायला लावले. हे-दामने चेहऱ्याला काय काय लावलं. कोट मामेबहिणीचा होता. तयार झाल्यावर गिल-रेने स्वतःला बघितलं आणि ही बाई आपल्याकडे कधी घासायला आली होती का, याचा विचार केला.

"आई," हे-दाम खाली बघत म्हणाली, "कामाचं कोणी विचारलं तर..."

"त्वचा," गिल-रे म्हणाली. "माहीत आहे मला."

पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. म्हातारी मध्ये पडली, "खोटं कुठे आहे त्यात? त्वचाच तर आहे. चला, उशीर होतोय."

हॉटेलच्या बंद खोलीत, ऊबदार जमिनीवर, लांब बुटक्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन घरं बसली. पलीकडे ग्यू-वोन, ऑर्किडवाले व्याही आणि ताई. हिरव्या पाचूची पिन, मोत्यांची माळ, ताठ मान. न्हाणीघरात जी बाई वाफेत पसरलेली असते ती हीच, असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. ताईंनीही गिल-रेला ओळखलं नाही. त्यांनी तिला काळ्या पोहण्याच्या कपड्यात आणि ओल्या केसांतच पाहिलेलं, तेही बहुतेक पालथं पडून.

"विहीणबाई, येताना त्रास नाही ना झाला?"

"छे छे, विहीणबाई. आपल्यालाच त्रास."

दोघींची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर होती. ताटल्यांवर ताटल्या आल्या. व्याही वाफाळलेल्या वाकटीकडे बघून काहीतरी पुटपुटले, बहुधा वाकटीशीच. म्हातारीने ग्यू-वोनला चांगलं बघून घेतलं आणि "कान चांगले आहेत" असा निकाल दिला. मग विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला, पाठ आणखी ताठ केली आणि म्हणाल्या, "आता आपल्याला स्पष्टच सांगावं म्हणते. मुलांचा हट्ट आपल्या जागी, पण आमच्या घराचा विचार करता..."

गिल-रेच्या बोटांना भाजलेल्या शेवाळाच्या पापुद्र्याचा चुरा लागला होता. घाबरली की ती हात झटकते. तिने टेबलाखाली झटकले, आणि हातावर हात आपटले. दोनदा.

विहीणबाईंचं वाक्य तिथेच राहिलं. त्या शांतपणे डाव्या बाजूला कलल्या, कोपर नवऱ्याच्या मांडीवर टेकलं, गुडघे वळवले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

कित्येक वर्षांत बायकोने पहिल्यांदाच मांडीवर टेकलेलं पाहून व्याह्यांनी हात वर धरले. आता हे हात कुठे ठेवायचे, हे त्यांना कळेना.

विहीणबाई उठल्या. मोत्याची माळ सरळ केली. त्यांनी पहिल्यांदा गिल-रेचे हात बघितले, मग चेहरा. "हात धुऊन येते," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, आपण येता?"

बाहेर बूट-चपला काढायच्या जागेत दोघी उभ्या राहिल्या.

"तू."

"हो, ताई."

"कधीपासून माहीत होतं?"

"किमचीच्या दिवसापासून. पोर हात सुजवून आली तेव्हा."

"मोजे देऊ नका, कोणी सांगितलं होतं?"

"मी. आणि कोंबडी मारू नकोस, कोणी सांगितलं होतं?"

आतून म्हातारी मोठ्याने व्याह्यांना विचारत होती की त्यांना पर्सिमन आवडतात का. विहीणबाई भिंतीला टेकल्या. "स्किन केअर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "राजधानीतलं कॉलेज सोडलं ती पोर... ती ही?"

"हीच."

"आणि मी तिला मिरचीत बसवलं."

"माझ्या सांगण्यावरून."

विहीणबाईंनी कोणाचा तरी उलटा पडलेला बूट पायाने सरळ केला. मग विहीणबाई म्हणाल्या, "मी सहा दिवस तोंड शिवून बसते गं. सातव्या दिवशी तुझ्याकडे उघडते. आत जाऊन हो म्हटलं की तू विहीण होतेस. विहिणीसमोर माणूस शिंकतसुद्धा विचार करून. मग मी कुठे जाऊ? कोणाशी बोलू?"

गिल-रेला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस पोरीचं लग्न, पोरीचं लग्न, एवढंच डोक्यात होतं. आता तिला दिसलं की लग्न झालं तर रविवार गेला. आणि तिच्या तोंडून जे निघालं ते आईच्या तोंडून निघू नये असं होतं, पण निघालं. "मग नाही म्हणा."

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणू?"

गिल-रेला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळणार नव्हतं, आणि हे तिच्या तोंडावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की विहीणबाईंनी वाचलं. त्यांनी पुढे होऊन गिल-रेच्या कोटाची कॉलर नीट केली. "तू सांगायचीस तो मामेबहिणीचाच ना हा? आखूड होतो तुला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत जाऊन बसल्या, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "मघाशी सांगत होते ते असं, की आमच्या घराचा विचार करता आम्हाला अशीच मुलगी हवी होती. विहीणबाई, आपण लेक चांगली वाढवलीत." हे-दाम रडू लागली. ग्यू-वोनने घाईघाईत तिला रुमालाऐवजी शेवाळाचा पापुद्रा दिला. व्याह्यांनी हात अजून पुरते खाली घेतले नव्हते.

घरी येताना हे-दाम आईच्या दंडाला धरून म्हणाली, "मी त्यांना खरं सांगणार आहे. तुझ्या कामाचं."

"सांग," गिल-रे म्हणाली. "त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण सांग."

त्या रविवारी जांभळी टोपली फळीवर नव्हती. पुढच्याही नव्हती. ताई स्टेशनच्या पलीकडच्या न्हाणीघरात जाऊ लागल्याचं गिल-रेला साबणवालीकडून कळलं. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? विहिणीच्या हातून पाठ घासून घेणं म्हणजे लोकांत तोंड दाखवायला जागा नाही. गिल-रेने दुसऱ्या बायकांच्या पाठी घासल्या. त्या बायकाही बोलायच्या. गिल-रे "हो का" म्हणायची आणि पुढच्या वाक्यापर्यंत विसरून जायची.

लग्न वसंतात झालं. सभागृहात सगळ्यांच्या आधी दोन्ही आया पुढे जाऊन मेणबत्त्या लावतात. मुलाची आई निळ्या पोशाखात, मुलीची गुलाबी. दोघी हात धरून पायऱ्या चढल्या. मेणबत्ती पेटवायला वाकल्यावर गिल-रेला विहीणबाईंची मान दिसली. कॉलरच्या आत कातडं लालबुंद सोललेलं होतं.

"कोणी केलं हे?" तिने ओठ न हलवता विचारलं. "कोरडीच घासली वाटतं."

"नवीन आहे ती. हात जड आहे."

"सांगायचं ना तिला."

"काय सांगू?" विहीणबाई ज्योतीकडे बघत म्हणाल्या. "ती टीव्ही लावून घासते गं. मी काही बोललेच नाही अजून तिच्याशी. तुझ्याकडून गेल्यापासून कोणाशीच नाही."

मग रीतीप्रमाणे दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या, एखाद्या परक्या बाईपुढे वाकावं तशा. वर आल्या तेव्हा गिल-रेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या रांगेतल्या बायका हळहळल्या, लेक चाललीय, आईचं काळीज ते. लेक चार गल्ल्या पलीकडे चालली होती. फोटोवाला मात्र खूश झाला. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "फार छान, मुलीच्या आई. एकदा पुन्हा रडता का? मुलाच्या आईंनाही घ्या," आणि बघतो तर मुलाच्या आई आधीच रडत होत्या.